रंग खरवडून

गाडी दोन हजार अकराची. तेव्हापासून
तिच्या पोटात काय चाललंय, मी कधी विचारलं नाही.
किक मारली की सुरू व्हायची, बास.
मागच्या पेटीत पिकर, शटल, बॉबिनचे नमुने,
अक्कलकोट रोडला या शेडमधून त्या शेडमध्ये
दिवसाला साठ किलोमीटर, डोक्यावर बेचाळीस अंश.

मग चार्जर लागायला लागला, गिऱ्हाईक आता फोटो मागतं.
मग वळसंगहून रात्री येताना
एका उसाच्या ट्रॉलीला मागे लाल दिवाच नव्हता.
अंगावरचा काटा तीन दिवस उतरला नाही,
म्हणून दोन फॉग लाइट.
आणि मग मीच म्हणालो, एक व्होल्टमीटरपण लाव.

भवानी पेठेत येमुलांचं दुकान. येमुल आता फक्त खुर्चीवर.
काम पद्मजा करते.
तिनं सीट उतरवली, टाकी उतरवली,
बिलबुकाच्या मागे हिशेब मांडला:
हेडलाइट पस्तीस, फॉगचे वीस नि वीस,
चार्जर दहा, ब्रेकचा दिवा, हॉर्न.
"काका, गाडी कमावती किती, तुम्ही खर्चायलाव किती!"

रिले दाखवला. काडेपेटीपेक्षा लहान काळी डबी.
"बटणातनं बारीकसा करंट येतो,
तो नुसता म्हणतो, ऊठ.
खरं ओझं दुसरीच जाड वायर उचलती."
आत टिक् वाजलं.
जन्मभर मुकादमाचं ऐकलेल्या माणसाचा मुलगा मी,
मला लगेच पटलं.

पहिल्या दिवशी निळा आकडा तेरा पॉइंट आठ.
चौथ्या दिवशी बारा पॉइंट दोन. हॉर्न दाबला की अकरा.
मी खड्डे सोडून आकडा बघायला लागलो.
सात रस्त्याच्या सिग्नलला तो उतरायचा.
नुसतं उभं राहायलाही खर्च असतो
हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.
हिरवा पडेपर्यंत रेस देत राहायचो,
शेजारचा स्कूटरवाला बघायचा, याला कसली एवढी घाई.

पुन्हा भवानी पेठ. बॅटरी गेली असणार, मी म्हणालो.
पद्मजानं एक पिन बॅटरीच्या मायनसला लावली, एक फ्रेमला,
आणि जीभ चावली.
"बॅटरी धडधाकट आहे की ओ. अर्थ लागंना."
काय?
"अर्थ, अर्थिंग. चुकी माझीच. रंगावरच बोल्ट आवळला."

मग पॉलिश पेपरनं
रुपयाएवढी जागा घासत बसली.
काळा रंग गेला, खालचा तांबडा प्रायमर गेला,
आणि पांढरं, ओलसर वाटावं असं चकचकीत लोखंड,
ज्याच्यावर चौदा वर्षं बसून मी फिरलो
आणि जे कधी पाहिलं नव्हतं.
"रंग खरवडल्याबगर अर्थ लागत नाही," ती म्हणाली,
तोंडात वायसर धरून, म्हणजे अर्धं कळलं, अर्धं नाही.
वरून बोटभर ग्रीस फासलं.
"उघडं ठेवलं की गंजतंय."
पैसे घेतले नाहीत. उलट चहा सांगितला.

वडील मिलमध्ये मागावर होते. बिघाड कानानं ओळखायचे.
मीटरचा त्यांना राग:
"चालू आहे ना? मग आकडा कशाला?"
मी रात्री येतो तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून असतात,
झोपलेले, किंवा नसलेले.
काल दहाला गाडी दारात आणली, किल्ली फिरवणार
तर ते उंबऱ्यावर उभे, चष्म्याशिवाय.
वाकले. निळ्या उजेडात पांढरी खुंटं दिसली हनुवटीवरची.
"एंत?" म्हणाले.
चौदा पॉइंट एक, मी म्हणालो.
"बंद करू नको."
कान टाकीजवळ नेला, डोळे मिटले.

फॉग लाइट चालूच होते, समोरच्या भिंतीवर दोन गोल.
आकडा हळूहळू उतरत होता.
मी रेस दिली नाही.