न बोलणारी अक्षरं

साखर पेठेत, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत
मुल्ला सर रोज एक कात्रण वाटतात.
पोस्टातून रिटायर झालेले; कात्री अजून सरकारी.
गोष्टी नाहीत, निबंध नाहीत, व्याकरण तर नाहीच.
फक्त परदेशांच्या बातम्या:
कोण कुणाच्या राजधानीत उतरलं, कोण न जेवता परतलं.
"भांडायची भाषा सगळ्यांना येते," सर म्हणतात,
"भांडून झाल्यावरची शिका."

मी वहीत दोन रकाने आखते. शब्द. अर्थ.

चर्चा 'फ्रँक' झाली, म्हणजे आवाज चढले.
'फ्रूटफुल' झाली, म्हणजे चहा बरा होता.
'डीपली कन्सर्न्ड', म्हणजे काहीही करणार नाहीत.
सर हे सांगताना हसत नाहीत.
लोकांच्या तारा वाचण्यात त्यांची तीस वर्षं गेलीत.

घरी आई सुपात पानं घेऊन बसलेली.
हजार विड्या झाल्या की मी तिच्यासोबत कारखान्यात जाते.
चेकर मूठभर उचलतो, बघतो न बघतो, बाजूला फेकतो.
कारण विचारायचं नसतं.
त्या रात्री 'व्हेटो'चा अर्थ
मला कुणाला विचारावा लागला नाही.

घरात तेलुगू, शाळेत मराठी,
भाजीवालीशी मोडकं कन्नड;
चौथ्या भाषेला टेकायला जागा नव्हती,
तर ती थेट आमच्या भांडणात येऊन बसली.

आठ मागांची शेड होती. आता चार आणि चार,
मधे भिंत, प्लास्टर फक्त आमच्या बाजूनं.
मीटर मात्र एकच.
नायना आणि चिन्नायना, सख्खे भाऊ,
चार वर्षं एकमेकांशी बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बोलतात,
तेही आकड्यांत.
आई मागच्या दारानं शेंगाचटणीची वाटी नेते,
चिन्नम्मा त्याच वाटीत लोणचं घालून पाठवते.
मी म्हटलं, अम्मा, याला 'बॅक चॅनल' म्हणतात.
ती म्हणाली, रिकामी वाटी परत करू नये,
त्यात इंग्रजी कसलं?

मार्चमध्ये कुठल्याशा देशानं कर वाढवला.
बातमीत तो शब्द एकदाच, सातव्या ओळीत.
अक्कलकोट रोडवर टॉवेलचे गठ्ठे
भरलेल्या ट्रकमधून परत उतरले.
आमचे चारही माग थांबले. पलीकडे एक चालू राहिला.
सर म्हणाले, 'टॅरिफ' वापरून वाक्य कर.
मी वही मिटली.
सरांनी आग्रह धरला नाही.

मग ते कात्रण आलं: 'रप्रॉशमाँ'.
फ्रेंचांकडून उसना आणलेला शब्द.
तुटलेल्यांनी पुन्हा जवळ येणं,
पण हळू, आपापला मान राखून.
स्पेलिंग बघूनच मी घाबरले. सर म्हणाले,
शेवटची दोन अक्षरं लिहायची, उच्चारायची नाहीत.
दिसतात. बोलत नाहीत.
खोडलीस तर मात्र शब्द चुकतो.

त्याच रात्री साडेनऊला लाईट गेली.
पलीकडचा एकुलता माग
धोटा अर्ध्यात सोडून गप्प.
उकाड्यानं सगळे बाहेर. दोन ओटे, मधे गटार.
नायना विडी पेटवत नव्हते,
नुसती बोटांत फिरवत होते.
अंधारातून चिन्नायनांचा आवाज आला,
"करंट पोयिंदा?"
नाव न घेता, हवेला विचारल्यासारखा.
मी आईकडे पाहिलं. आई मेणबत्तीकडे.
बराच वेळ गेला.
"पोयिंदी," नायना म्हणाले.

तेवढंच.

लाईट येऊन माग खडखडायला लागला
तेव्हा मी वही काढली,
तेरा अक्षरं मोजून लिहिली, शेवटची दोन जरा ठळक.
अर्थाचा रकाना तसाच ठेवला.
आई म्हणाली, झोप आता,
सकाळी पानं भिजवायचीत.