डावा अंगठा

मानवतच्या मार्केट यार्डात
खय्यूममामू डोळे मिटतो,
चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत धरून
ओढतो, जुळवतो, पुन्हा ओढतो.
"एकोणतीस. वल जास्त हाय."
मशीनही एकोणतीसच म्हणालं,
अर्ध्या तासानं, पावती छापून.

मी मापाड्याची पोर, नांदेडला लॅबमध्ये असते.
मामूला सांगितलं,
तुझ्या अंगठ्यात दारं आहेत, तीन पात्यांची,
नसेच्या टोकाशी तेलकट पडद्यात रोवलेली.
पडदा ताणला की पाती सपाट होतात,
मधलं भोक उघडतं,
खारट कण आत धावतात
आणि मेंदूला कळतं: धागा.

"उघडतं कोण?"
कुणी नाही. ताणच.
"मंग मिटवतं कोण?"

चार वर्षं मी एवढंच विचारतेय.
काचेची नळी आगीवर ओढून
केसाहून बारीक करायची,
एकाच पेशीला चिकटवायची
आणि दुसऱ्या काचेनं तिला हळूच ढोसायचं.
रस्त्यावरून टेम्पो गेला की
त्या दिवसाची पेशी संपली.

दाराशेजारी एक बारकं प्रथिन राहतं,
चरबी लावलेली शेपटी दारात खोचून.
ते असलं तर दार रेंगाळत मिटतं,
काढून घेतलं तर
पापणी लवायच्या आत बंद.
आणखी एक आहे, पडद्याला ताठ ठेवणारं,
त्याच्यामुळं हलकी ओढही दारापर्यंत पोचते.
दार एकटं काही ठरवत नाही, मामू.

मामूनं आजूबाजूला पाहिलं.
अडत्या फोनवर होता.
"डाव्याला दोन वर्षं झाली, काई कळत नाई.
शुगर. कुणाला बोलू नको.
डावा नुस्ता धरतो, उजवा वाचतो."
मग, रुई झटकत,
"तुजं ते शेजारचं… भेटतं का कुठं?"

मी पेनाचं टोपण त्याच्या डाव्या अंगठ्यावर टेकवलं.
आता?
"नाई."
आता?
"तू दाबायलीस का?"

नसेचं टोकच मागं सरकलं असेल
तर दार नाही, शेजारी नाही,
ओस गल्ली नुसती.
हे मी बोलले नाही.
माझ्याकडं जे आहे ते उंदराचं,
बशीत, सदतीस अंशांवर वाढवलेलं.

पुढची गाडी मागं घेत घेत आली.
मामूनं डोळे मिटले.
"अठ्ठावीस," म्हणाला,
आणि क्षणभर थांबून, "साडेअठ्ठावीस लिव्हा."
मी डाव्याकडंच बघत होते.
पांढऱ्या तुसानं माखलेला,
घट्ट धरून होता.