दोन दस्तगीर

आमच्या कुपवाडच्या फाउंड्रीत
माणसं तेवीस, भट्टी एक,
आणि हिशेबाला मी.
सात तारखेच्या आत पगार, पंधराच्या आत फंडाचं चलन,
चौदा वर्षांत एकदाही चुकलं नाही,
हे मी सांगायचे. आता सांगत नाही.

ऑक्टोबरचा पगार करताना
दस्तगीर मुलाणीच्या ओळीत
लाल शाईनं लिहिलं : उचल फिटली.
पाचशेप्रमाणे अकरा हप्ते, साडेपाच हजार.
कुणाचं काही फिटलं की मला
स्वतःचंच फिटल्यासारखं वाटतं.
बोलावून म्हणाले, सुटलात बघा.

तो ग्राइंडरवरून तसाच आलेला,
भुवयांवर लोखंडाची पूड.
म्हणाला, "कसली उचल, मॅडम?"

पंख्याचा आवाज तेवढा होता.

दस्तगीर मुलाणी आमच्याकडे दोन.
एक मिरजेचा, भट्टीवर. त्यानं बहिणीच्या लग्नाला पैसे उचललेले.
एक बुधगावचा. त्यानं कधी चहासुद्धा उधार घेतला नाही.
मी संगणकात नाव टाकलं, यादी उघडली,
वरचं निवडलं.
एवढंच.

"अकरा महिने कापले, बोलला का नाहीत?"
"मला वाटलं, सरकारनं कायतरी नवीन काढलं आसंल.
छापून येतंय म्हंजे बरोबरच की."
मग जमिनीकडं बघत म्हणाला,
पोरीची शिकवणी मे महिन्यात बंद केली.
गणिताची.

मिरजेच्या दस्तगीरला बोलावलं.
"तुमची उचल कापलीच गेली नाही. कळलं नाही?"
"कळलं की. पहिल्याच पगाराला कळलं.
मला वाटलं, शेठनी सोडली, बहिणीचं लगीन म्हणून.
तोंडावर आभार मानलं तर त्यास्नी अवघडल्यागत व्हईल,
म्हणून महिन्यातला एक रविवार मी आपला येतोय."

रविवार?

गेटवरच्या भूपालची वही मागवली.
तिच्यात तंबाखूचे हिशेब, ट्रकचे नंबर, आणि मध्येच
वाकड्या अक्षरात : द. मुलाणी, आत सात, बाहेर तीन.
मोजले. अकरा.
माझ्या हजेरीपत्रकात त्याच तारखांना
पट्टीनं ओढलेल्या रेघा,
सुट्टी, सुट्टी, सुट्टी.
राख काढून, वाळू चाळून ठेवलेली असायची,
सोमवारी भट्टी लवकर धरायची,
आणि मगदूम शेठ म्हणायचे, कोक चांगला आलाय या खेपेला.

रात्री आठपर्यंत बसले.
बुधगावच्याला देणं साडेपाच हजार.
मिरजेच्याचा रोज चारशे ऐंशी, सुट्टीला दुप्पट,
अकरा रविवारांचे दहा हजार पाचशे साठ.
त्यातून उचल वजा.
ज्याच्याकडून येणं होतं
त्यालाच पाच हजार साठ देणं निघालं.

शेठनी आकडा दोनदा वाचला. चष्मा काढला.
"त्यानं मागितली असती, तर मी सोडली असती का हो उचल?"
मी काही बोलले नाही.
त्याला माझ्याकडं रकाना नव्हता.

आता नावाआधी बिल्ला नंबर लिहिते, सात आणि सतरा.
भूपालची वही दर सोमवारी हजेरीला लावून बघते.
पगाराच्या आदल्या दिवशी एकेकाला बसवून
कागद वाचून दाखवते, हे इतकं का, ते तितकं का.
लोक कंटाळतात. वेल्डर शिवगोंडा तर म्हणतो,
मॅडम, पैसं द्या, कीर्तन ऱ्हाऊ द्या.
मी तरी वाचते.
"बरोबर हाय" म्हणून जो लगेच सही करतो
त्याला परत बसवते.

शिकवणीचे सहा महिने कुठल्या खात्याला टाकायचे
ते अजून ठरलेलं नाही.
परवा बुधगावचा दस्तगीर पोरीला घेऊन आला होता.
टेबलापलीकडं उभी राहून तिनं
माझा कागद उलट्या बाजूनं वाचला,
बोट ठेवलं.
"काकी, इथं एक शून्य जास्त आहे."

होतं.