येऊर, रात्रपाळी

ट्यूबलाइट लावली की गेटाची भिंत भरते.
पतंग, तुडतुडे, पावट्याएवढे भुंगे,
आणि साडेनऊच्या सुमारास, हजेरी लावल्यासारखा,
खंडोबाचा किडा.
तो उजेडात बसत नाही. वीतभर बाजूला बसतो,
भुललेले जिथून जातात तिथे.

जान्या वरठा पाटोणापाड्याचा,
माझ्या आधी बारा वर्षं याच खुर्चीवर.
दुसरी त्यानेच दाखवली.
"ती काडी बघ. काडी नाय ती."
खुर्चीवर वाकलेल्या पेरूत तीन दिवस बघत होतो मी तिला,
एकदा तर तोडून
चपलेतला चिखल खरवडणार होतो.

दिवसभर ती मेलेली असते.
आम्ही डबे उघडतो तेव्हा कडेकडेने पान खात जाते,
कात्री चालवावी तशी गोल, सावकाश.
वारा आला की डोलते.
वारा नसताना डोलली की मात्र
मला तिची काळजी वाटते.

आणि हा? हा मान वळवतो.
किड्याला मान असते हेच मला माहीत नव्हतं.
पतंगाचं डोकं आधी खातो, पंख खाली टाकतो,
मग हात चाटत बसतो
मटणाच्या रविवारी माझा मेहुणा बसतो तसा.

"दोघांची ड्युटी एकच, हलायचं नाय,"
जान्या म्हणाला, "पगार वेगळा."
आणि बिडी शोधू लागला.

अश्विनातली एक रात्र. बंगल्यावर पार्टी, अठ्ठावीस गाड्या,
सगळे नंबर रजिस्टरात.
अडीचला शेवटची गेली, मी वर पाहिलं,
तर खंडोबाचा किडा पेरूवर आलेला
आणि ज्या काडीवर पाय रोवून बसलेला
ती काडी नव्हती.

पतंग आला. झडप.
बारीक कुरकुर, शेव खाल्ल्यासारखी.
पंख तिच्या पाठीवर गळत होते.
तिचा एक पाय उचललेला होता
तो तिने खाली ठेवला नाही.
माझाही हात बॅटरीवर होता, तो मी उचलला नाही.

पाचला तो उडून गेला.
बऱ्याच वेळाने तिने पाय टेकला.
मग पान. कडेकडेने.

उजाडल्यावर रजिस्टर मिटायला घेतलं तर
गाड्यांच्या नंबरांवर पाच-सहा करडे दाणे,
प्रत्येकाला इवलंसं टोपण.
"अंडी," जान्या म्हणाला, नीट न बघताच.

फुंकर मारणार होतो.
मग रजिस्टर तसंच उघडं, दोन्ही हातांवर धरून
पेरूच्या बुंध्याशी नेलं
आणि तिरकं केलं.