एक्केचाळीस मिनिटं

उद्यमबागेत, बंद पडलेल्या लेथच्या खोलीत
माझा सर्व्हर असतो. एसी त्याला, पंखा मला.
करारात लिहिलंय : नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्के चालू.
म्हणजे महिन्याला त्रेचाळीस मिनिटं
मेला तरी कुणी काही बोलायचं नाही.

परवा रात्री हेस्कॉमची लाईन गेली,
बॅटरी आधीच फुगलेली.
दोन बारा ते दोन त्रेपन्न.
बोटांवर मोजलं. दोन मिनिटांनी सुटलो.

पण पुढचा छोटा डबा वेगळ्या इन्व्हर्टरवर जागा होता,
येणाऱ्याची नोंद घेत, 'थोड्या वेळाने या' म्हणत.
सकाळी वही उघडली तशी त्यानं दाखवलं :
दोन एकतीस. दोन एकतीस. दोन बत्तीस.
मग दोन चाळीस.
चारही वेळा एकच पान, मष्णू कणबर्गीकरचं :
साप पकडून मिळेल, जांबोटी ते लोंढा.
वर्षभरात या पानावर माणसं किती,
तर मष्णू धरून अकरा.

फोन केला. म्हणाला,
'सोड की बे. त्या रात्री मी बी झोपलेलो,
मोबाईल बंद. तुझं चालू असून
काय उपयोग झाला असता?'

खरंय.
दोन चाळीसनंतर कुणी आलं नाही.
साप गेला असेल. उजाडलं असेल.

फक्त त्या पानावर, नंबराच्या खाली,
एक ओळ आहे, मीच टाईप केलेली :
हात लावू नका. बॅटरीचा उजेड धरून
लांब उभे राहा.