आठवडा अडतिसावा

कार्यालयाला तारीख नको, आठवडा हवा.
अडतिसावा, मी लिहिते.
खाडीला तो ठाऊक नाही. तिला अष्टमीची भांग ठाऊक,
पाणी अंगात येत नाही
आणि होडी मधल्या जुव्याच्या धक्क्याआधीच
चिखलात बसते.

इनास तारी वल्ह्याने चिखल ढकलतो.
त्याच्या थर्माकोलच्या पेटीत
इकडे बांगडे, तिकडे माझ्या कुप्या,
बर्फ एकच.
"सिस्टर, तुमची मासळी काय भावान?"

खालच्या जुव्यावर पास्कू, दारातच:
"माका खोकलो नाय गो,
खोकल्याक मी आसंय."
कुठल्या रकान्यात लिहू हे?

वरल्या जुव्यावर हलीमाबी ओढणी दातांत धरते,
काडी नाकात गेली की म्हणते,
तोबा, मेंदूच काढलास.
तिच्या दीड वर्षाच्या नातवाची छाती
मी घड्याळ धरून मोजते: मिनिटाला छत्तीस.
चाळीस झाले तर थांबायचं नाही, सांगते,
सरळ होडी.

रात्री वही उघडली.
खाली दोन, मग सात. मधे चार. वर नऊ.
कुणी नेला हा एका जुव्यावरून दुसऱ्यावर?
चाकरमानी केव्हाच परतले,
दशावताराला अवकाश आहे,
तिन्ही जुव्यांची बोलाचाली
म्हशीच्या दाव्यावरून गेली दोन वर्षं बंद.
पेन्सिलीने तारखा जोडत गेले
तर रेघ माझ्याच फेरीची निघाली.
मी उतरते,
तिसऱ्या दिवशी खोकला उतरतो.

रविवारपासून घसा दुखत होता.
मिठाच्या पाण्याने मी त्याला
गप्प बसवलं होतं.

आरशासमोर उभी राहून
काडी घातली. डोळ्यांत पाणी आलं, ते काडीचं.
कुपीवर नाव लिहिलं, वय लिहिलं.
रुग्णाचं गाव:
बराच वेळ विचार करून लिहिलं, होडी.

सकाळी इनासला खिडकीतूनच सांगितलं, आज नाही.
तोही दोनदा शिंकला,
आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मग हलीमाबीला फोन लावला.
त्याचं झबलं वर कर. पोट बघ.
वर आलं की एक म्हण.
मी काटा धरते.

खाडीपलीकडून तिचा आवाज येतो,
मधे वारा, मधे कोंबडा,
छत्तीस, सदतीस,
अडतीस,
काटा अजून बारावर आलेला नाही.

इनास,
पाणी किती आहे बघ.