बोटभर वर

सकाळी साडेसहाला कुटबण जेटीवरून फोन.
इनासिना फेर्रांव, मच्छीमार सोसायटी, डिझेल विभाग.
उद्या बंदी उठते,
एकशे बारा ट्रॉलरना कोटा टाकायचाय,
आणि रात्रीत अपडेट उतरलंय
न विचारता, उंबऱ्याखालून घूस शिरावी तसं.

मी फोंड्यात, तिस्कावर, झेरॉक्सवाल्याच्या माडीवर.
इथूनच तिच्या यंत्रात हात घालतो,
पाच वर्षं घालतोय.
आज घातला तर
अर्धा पडदा काळा,
उरलेल्या अर्ध्यात चौकोनच चौकोन,
गवंडी जेवायला जाऊन परतला नाही अशी फरशी.
अक्षरं ओल्या बोटानं पुसलेली.
कर्सर दिसतो तिथं नसतो,
असतो बोटभर खाली.

'तुमच्याकडे कसं दिसतंय?'
'हांगा सगळें बरें दिसता रे.'

ड्रायव्हर एक पायरी मागे नेला.
अक्षरांचा आकार सव्वापट होता, एकपट केला.
रंग कमी करून पाहिले,
सोसायटीची निळी होडी सोलकढीच्या रंगाची झाली.
रीस्टार्ट.
सात मिनिटं.
फोन चालूच,
त्यातून बर्फ फोडायची घरघर,
कुणीतरी लादीच्या भावावरून कुणाची तरी आई काढतंय,
आणि इनासिना मधूनच विचारते, 'आयलें?'

सगुणमामाचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं कुर्टीला.
मी नऊ वर्षांचा, कौलांवर,
हातात अँटेनाचा दांडा.
खाली खिडकीत गिऱ्हाईक:
आलं! आलं! गेलं!
अरे होतं तिथंच ठेव!
होतं तिथं म्हणजे कुठं
हे वरच्याला कसं कळावं?
मामा म्हणायचा, कौलांवरच्यानं चित्राची आशा धरू नये.
त्यानं फक्त कान उघडे ठेवावेत
आणि पाय कौलाच्या कडेला.

रीस्टार्टनंतर काळं गेलं.
एक चौकोन मात्र हलेना,
उजव्या कोपऱ्यात, स्वच्छ, सुवाच्य:
'आंतोनेत. चार हजार लिटर.'

म्हटलं, एक कोटा आधीच पडलाय, आंतोनेतचा.
तिकडे बर्फाची घरघर थांबली होती
की मलाच तसं वाटलं.
'तें तारूं आतां ना रे.
गेल्या वर्सा कारवारच्या एका मनशाक विकलें.'
कुणाचं होतं?
'आमचेंच,' म्हणाली,
आणि मग एकदम हसत,
'पयशे अजून येवंक नात!'

तिच्या पडद्यावर आंतोनेत नव्हती.
तिच्या यंत्रात, वहीत, धक्क्यावर, कुठंच नव्हती.
मी सकाळभर त्या बिचाऱ्या यंत्राचं पोट चिरत होतो
आणि जुनं चित्र साठवलेलं होतं
माझ्याकडे.
माझ्यावरही रात्री अपडेट उतरलं होतंच.
वेळ वाचावा म्हणून हे असं साठवतात:
काल पाहिलेलं आज पुन्हा मागवायला नको.
सेटिंगच्या तिसऱ्या पानावर एक खूण होती, टिचभर.
ती काढली.
साठा रिकामा केला.

आंतोनेत गेली.
तिच्या जागी कुणा मिंगेल बार्रेतोची लाँच,
अडीच हजार लिटर, बाकी.

'आयलें?'
'आयलें.'
पहिल्यांदाच वरून मी ओरडलो.

बिलात लिहिलं: पडदा साफ केला.
कुणाकडचा, ते लिहिलं नाही;
दोनशे रुपये कमी लावले.

कर्सर अजून बोटभर खालीच आहे.
अकरा वाजलेत, भरती साडेबाराची,
ते नंतर बघू.
सध्या एकेका नावावर
बोटभर वर नेम धरतोय
आणि ती तिकडून वाचून दाखवतेय
बरोबर पडलं की नाही.